कुंडी ठेवायचं स्टँड

फेब्रुवारी लागला की आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये माणसांना जागा उरत नाही. पुठ्ठ्याचे ज्वालामुखी, कापसाचे ढग, नळ्या-बाटल्यांची धरणं. शाळांच्या प्रदर्शनांचे दिवस. परवा सातव्या मजल्यावरचे गृहस्थ पवनचक्क्यांचं एक अख्खं गाव दोन्ही हातांवर तोलत आत शिरले. मागून त्यांचा मुलगा, हातात फक्त पाण्याची बाटली. मी विचारलं, "छान आहे रे! कोणी केलं?" पोरगा म्हणाला, "पप्पांनी ऑर्डर केलं." बाप ओशाळं हसला. "काय करणार, मार्क असतात ना त्याला."

माझं डोकंच फिरलं. खाली उतरेपर्यंत मी तोंड मिटून उभी राहिले, कारण मुलीनं मला बजावून ठेवलंय, "आई, लिफ्टमध्ये लोकांशी भांडू नकोस." पण घरी येऊन भाजी चिरताना माझं एकटीचं सुरू झालं. मार्क असतात म्हणे! चाळीसेक वर्षं हे वाक्य ऐकतेय मी. सरकारं बदलली, पुस्तकं बदलली, त्या विषयाचं नावसुद्धा बदललं, पण हे वाक्य काही जागचं हलत नाही.

आमच्या वेळी त्या विषयाला कार्यानुभव म्हणत. काय भारदस्त नाव! म्हणजे मुलांनी हातानं काम करायचं, त्यातून अनुभव घ्यायचा आणि त्यातून म्हणे त्यांचं व्यक्तिमत्त्व घडायचं. प्रत्यक्षात गुरुवारचे शेवटचे दोन तास. त्यातला एक गणिताच्या बाई हक्कानं घ्यायच्या, कारण पोर्शन राहिलेला. उरलेल्या एका तासात आमचं व्यक्तिमत्त्व काय घडेल तेवढं घडायचं.

ऐंशीच्या दशकातले दिवस ते. घाटकोपरला भटवाडीत आम्ही चाळीत राहायचो आणि मी नववीत होते. संक्रांत ते होळी हा आमच्या शाळेचा खरा मोसम. स्वेटर घालण्याइतकी थंडी नसायची, तरी हौसेनं घातला जायचा आणि मधल्या सुट्टीत कमरेला बांधला जायचा. फाटकाबाहेर तिखटमीठ लावलेल्या कैऱ्या दिसायला लागायच्या. चाळीतली पोरं होळीसाठी लाकडं हुडकत फिरायची, त्यामुळे बाहेर ठेवलेला पाटसुद्धा आत घ्यावा लागायचा. मैदानाच्या टोकाला पत्र्याची शेड होती, तिला वर्कशॉप म्हणायचं. ऊन चढलं की तिथून वास सुटायचा, ताज्या भुशाचा, डब्यात उकळणाऱ्या सरसाचा, तेल पाजलेल्या करवतींचा. सरस उकळताना मेलेल्या जनावरासारखा घाणतो. मुली नाकाला रुमाल लावून शेडवरून जायच्या. मला मात्र अजूनही तो वास कुठे आला तर भूक लागते, आता काय करणार!

शिवण किंवा लाकूडकाम, यातलं एक घ्यायचं असे. मुलींनी शिवण घ्यायचं हे कोणी न सांगता ठरलेलं. मी लाकूडकाम घेतलं ते काही झेंडा फडकवायला नाही. शिवणाच्या बाई उलट्या पट्टीनं बोटांवर मारायच्या, म्हणून.

लाकूडकामाला सामंत सर होते. उंच, किडकिडीत, कानावर पेन्सिल आणि कपाळाला कायम आठी. हात सोन्यासारखा, स्वभाव घाबरट. तपासणीला कोण येईल, मोठ्या बाई काय म्हणतील, लाकूड कमी का भरलं असं कोण विचारेल, या धास्तीत त्या माणसाची सगळी नोकरी सरली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. सरांनी लाकूड वाचवायची एक युक्ती काढली होती. दोघांत मिळून एक फळी. तिच्या टोकाला खाच पाडायची, दुसऱ्या तुकड्याला जीभ काढायची, दोन्ही एकमेकांत बसवून सरांना दाखवायची. सर गुण्या लावून काटकोन बघायचे, मार्क द्यायचे आणि मग स्वतः करवतीनं ते टोक कापून पोत्यात टाकायचे. पुढच्या गुरुवारी उरलेल्या फळीवर पुन्हा तेच. वर्षभर आम्ही फळी कापत कापत तोकडी करत आणली. वस्तू एकही केली नाही. पोतं शिपाई बंबासाठी घेऊन जायचा.

मी एकदा विचारलं, "सर, ह्या जोडाचं पुढे काय करायचं?"

"पुढे काय म्हणजे? वहीत आकृती काढायची."

तर अशा या मोसमात आमची आत्या खाईनाशी-पिईनाशी झाली.

ताराआत्या ही बाबांची थोरली बहीण. मालवणाकडून लहानपणी आलेली, नवरा लवकर गेला, तेव्हापासून आमच्याकडेच. पापडाच्या कारखान्यात कामाला होती. आमच्या एका खोलीत सहा माणसं राहायची आणि आवाज ऐकू यायचा तो आत्याचा. नळावर भांडण असलं की बायका तिला बोलवायला यायच्या. लाज हा शब्द तिच्या गावी नव्हता, असं मला तेव्हा वाटायचं. दिवाळीनंतर ती नळापाशीच शेवाळावरून घसरली आणि गुडघा गेला. पाय प्लास्टरमध्ये, मग प्लास्टर निघालं, पण गुडघा काही वाकेना. डॉक्टर म्हणाले, "यांना उकिडवं बसू देऊ नका. कमोड वापरा." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

कमोड! चाळीच्या टोकाला आमचे सामाईक संडास. सकाळी हातात डबा घेऊन रांगेत उभं राहायचं, आत गेल्यावर दार पायानं दाबून धरायचं, कारण कडी तुटलेली. तिथं कुठला आलाय कमोड! घरात भांडं ठेवायचं म्हटलं तर साडीच्या पडद्याआड, आणि पडद्याच्या अलीकडे बाबा पेपर वाचत बसलेले, भाऊ पाढे म्हणतोय. आत्यानं त्यावर आपला उपाय काढला. चहा सोडला. मग पाणी सोडलं. मग रात्रीचं जेवण. "माका भूक नाय," एवढंच म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून निजायची. आई वैतागायची, बाबा रागवायचे. कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते कोणी तोंडातून काढत नव्हतं. ओठांना भेगा पडल्या. एक दिवस भिंत धरून उभी राहताना तिला चक्कर आली. डॉक्टरांनी पुन्हा बघितलं आणि बाबांना बाहेर नेऊन सांगितलं, "असंच चाललं तर मूत्रपिंडाला त्रास होईल. पाणी प्यायलाच पाहिजे त्यांनी." बाबा घरी येऊन आत्यावर ओरडले. ती म्हणाली, "पितंय हां," आणि प्याली नाही.

मला राग यायचा. सगळ्यांचाच यायचा. डॉक्टरांचा, बाबांचा, आत्याचा, चाळ बांधणाऱ्याचा. रागानं मी वर्गात बसायचे, आणि फळ्यावर कोणाच्या तरी शेताला कुंपण घालायचं चाललेलं असायचं. त्या रागातच एका गुरुवारी हातातल्या खाच-जिभेच्या जोडाकडे बघताना डोक्यात आलं, असे आठ जोड असले की एक स्टूल होतं. वर एक सलग फळी न टाकता दोन फळ्या टाकायच्या, मध्ये जागा सोडायची. झालं! आत्याला बसता येईल. हे सुचलं तेव्हा मी करवत चालवता चालवता थांबले आणि माझी जोडीदारीण ओरडली, "अगं ए, ओढ ना!"

सामंत सरांना मी म्हटलं, "सर, मला परीक्षेला स्टूल करायचंय."

"स्टूल अभ्यासक्रमात नाही."

"जोड तेच आहेत ना सर. आठ आहेत."

"लाकूड कुठून आणू मी?"

लाकूड माझ्याकडे होतं. बाबा भांडुपच्या एका कारखान्यात होते, तिथं यंत्रं देवदारच्या खोक्यांतून यायची आणि खोकी कामगारांना मिळायची. मी वहीत चित्र काढून दाखवलं. सरांनी दोन फळ्यांमधल्या जागेवर पेन्सिल टेकवली. "हे काय? हे मध्ये असं का?"

 आत्यानं मला देवासमोर शपथ घातली होती, "शाळेत कोणाक सांगलंस तर माझा मेल्याचा तोंड बघशील." सरांनी माझ्याकडे बघितलं, परत चित्राकडे बघितलं. त्यांना कळलं. त्यांची आईही घरी अंथरुणावर होती, हे मला फार पुढे समजलं. खोकल्यासारखं करून ते म्हणाले, "कुंडी ठेवायला ना? कुंडी मध्ये बसेल. बरोबर. वहीत तसं लिही, कुंडी ठेवायचं स्टँड."

एका माणसाची कळ जाणून तिला कुंडीचं नाव देणारी आमची शाळा! तेव्हा मात्र मला सरांची पावलं धरावीशी वाटली होती.

दुपारी रांग नसताना मी फूटपट्टी घेऊन संडासाची मापं घ्यायला गेले. भांड्याची रुंदी, भिंतींमधलं अंतर, पाय कुठे टेकतील ते. बाहेर पडले तर शेजारच्या परबकाकू कमरेवर हात ठेवून उभ्या. "काय गं सुलू, संडास विकत घेतेस की काय?" मी म्हटलं, "हो, तुम्हाला भाड्यानं देईन." असली उत्तरं आत्यानंच शिकवलेली.

मग करायला घेतलं. मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, गणिताच्या बाई आजारी पडल्या त्या गुरुवारी तर सलग दोन तास. देवदारला रंधा मारला की पिवळी, लांबलचक सालं निघतात आणि चुरगळली तर टर्पेंटाइनसारखा वास येतो. पटाशी लाकडाच्या रेषेविरुद्ध घातली की लाकूड चिरतं, तसं ते दोनदा चिरलं. दोन्ही वेळा मी रडले आणि सरांनी "नवीन तुकडा घे" एवढंच म्हटलं. पण तिसऱ्या वेळी मी पटाशी टेकवण्याआधी थांबून लाकूड बघितलं. रेषा कुठून कुठे जाते, गाठ कुठे आहे. तोवर मी आयुष्यात थांबून कशाकडेही बघितलं नव्हतं. माझं अक्षर गिचमिड, केस पिंजारलेले, जेवताना सांडायचं. आई म्हणायची, "हिच्या अंगात भूत आहे घाईचं." ते भूत त्या शेडमध्ये जरा बसायला शिकलं. हा माझा विकास की काय म्हणतात तो. त्याला मार्क नव्हते. मार्क वहीला होते, आकृतीला, समासाला आणि वहीच्या खाकी कव्हराला.

स्टूल झालं. सरांनी गुण्या लावून बघितला आणि पहिल्यांदाच कपाळाची आठी गेली. मी आणि भावानं ते गोणपाटात गुंडाळून घरी आणलं, दुपारी चाळ झोपली असताना आत ठेवलं आणि आत्याला धरून नेलं. मी दाराबाहेर उभी.  आतून हाक आली, घाबरलेली. आत जाऊन बघते तर आत्या दोन्ही हातांनी भिंत धरून बसलेली आणि पाय अधांतरी.

"पाय लोंबतत गो माझे! उतार माका, उतार!"

अठरा इंच. छापील वहीच्या मागच्या तक्त्यात खुर्ची-स्टुलाची उंची अठरा इंच दिलेली होती, म्हणून मी अठरा इंच केलं. संडासाचं मी इंच न् इंच मोजून आले होते. आत्याला मोजलं नव्हतं. आत्या माझ्या खांद्याला लागायची, हे मला रोज दिसत होतं आणि तरी वहीतलं माप खरं वाटलं. शाळेत एवढी वर्षं तेच तर शिकवलेलं, की छापलेलं आहे ते बरोबर आणि समोर आहे ते चूक. आजही ते आठवलं की हातपाय आपटावेसे वाटतात.

"होळयेत घाल ता," आत्या घरी आल्यावर म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजली. त्या दिवशी ती काहीच जेवली नाही. मी तिच्या उशाशी बसले. मलाही लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा राग जास्त होता. म्हटलं, "आत्ये, ऊठ. खाटेच्या कडेवर बस. गुडघा न वाकवता पाय जमिनीला टेकतो का, ते मला बघू दे."

"कित्याक?"

"तुझं माप घ्यायचंय. शिंपी नाही का घेत ब्लाऊजचं?"

भिंतीला हात टेकून ती कुशीवर वळली. मग बसली. आम्ही तिच्याखाली पाट, त्यावर घडी केलेलं कांबळं, त्यावर बाबांच्या पेपरांचा गठ्ठा असं रचत गेलो आणि एकेक पेपर काढत गेलो. आत्या सूचना द्यायला लागली. "जरासा खाली. हां. आता तो दुखरो पाय पुढे जाऊक होयो, माका तो लांब सोडूचो लागता." पुढची आडवी पट्टी पायात येत होती, हे मला ती बोलली तेव्हा कळलं. उठताना हात टेकायला काहीतरी पाहिजे, हेही तिनंच सांगितलं. तोपर्यंत मी तिच्यासाठी वस्तू करत होते. त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून ती केली. कितीतरी दिवसांनी ती एवढं बोलली.

मी पाय कापले. चार पाय सारखे कापणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. एक कापला की दुसरा मोठा, तो कापला की तिसरा. पुढची पट्टी काढून वर घेतली. बाजूला हात टेकायला दांडे बसवले. सर म्हणाले, "कुंडीला दांडे?" मी म्हटलं, "मोठी कुंडी आहे सर." ते तोंड फिरवून हसले.

दुसऱ्या वेळी आत्या आतून बाहेर आली ती सरळ चालायला लागली. घरी येऊन टेकली आणि आईला म्हणाली, "वहिनी, च्याय टाक." आई स्टोव्हला पिन मारता मारता पदरानं डोळे पुसत होती. मग रोजचं सुरू झालं. सगळे झोपलेले असताना, पहाटे, गोणपाटात गुंडाळलेलं स्टूल मी पुढे घेऊन जायची, आत्या काठी टेकत मागून. रांग लागायच्या आत परत. कोणाला कळता कामा नये, ही अट कायम होती. आठवड्याभरात तिच्या ओठांच्या भेगा बुजल्या आणि ती नळावरच्या भांडणांत घरबसल्या ओरडून भाग घ्यायला लागली.

आणि मग प्रदर्शन आलं.

"सकाळी आण, मार्क देतो, संध्याकाळी घेऊन जा," सर म्हणाले होते. मी आणलं. दुपारी मोठ्या बाई आल्या, हॉलमधून फिरल्या आणि म्हणाल्या, "वस्तू पालकदिनापर्यंत इथेच राहतील. तपासणीलाही लोक येणार आहेत. हॉलला कुलूप लावा." भिंतीवर कापडी फलक लावला होता, 'कार्यानुभवातून सर्वांगीण विकास'. त्या फलकाखाली माझं स्टूल, आणि त्यावर कोणीतरी हौसेनं ऑफिसातली क्रोटनची कुंडी आणून ठेवलेली. पुढे पाटी, 'कुंडी ठेवायचं स्टँड, इयत्ता नववी'.

पहिलं बक्षीस आइसक्रीमच्या काड्यांच्या बंगल्याला मिळालं होतं. तो आमच्या वर्गातल्या संजयचा. त्याचे मामा ट्रॉम्बेला मोठ्या नोकरीवर होते, त्यांनी आत बारीक बारीक दिवे लावून दिले होते. गच्ची होती, बाग होती, गॅरेजमध्ये मोटार होती. संडास नव्हता. मी नीट बघितलं.

मी सरांच्या मागे लागले. "सर, माझं मला द्या ना. बक्षीस नको, मार्क पण नकोत."

"अगं, सगळ्यांच्याच वस्तू राहिल्यात."

"सर, तुम्हाला माहीत आहे ना ते कशासाठी आहे?"

सरांनी इकडेतिकडे बघितलं. "मला माहीत असून काय उपयोग? बाई विचारतील, कुंडीसाठी एवढं काय अडलंय? मग मी काय सांगू?"

मी काय सांगणार होते? तोंडाशी आलेलं वाक्य शपथेनं दाबून ठेवलं होतं. हॉलच्या खिडकीतून मला ते स्टूल दिसायचं, क्रोटन मिरवत बसलेलं, आणि घरी आत्यानं पुन्हा कप बाजूला सारायला सुरुवात केलेली. "दोन-चार दिसांचो प्रश्न आसा, रवतंय मी," ती म्हणाली. दुसऱ्या रात्री तिला ताप भरला. आई म्हणाली, "मी जाऊन सांगते शाळेत." आत्या तापातही ओरडली, "खबरदार!" मी अंथरुणात पडून दात खात होते. आपण हातानं केलेली, आपल्या माणसाच्या मापाची वस्तू, आणि ती आपल्यालाच मागता येत नाही! सगळ्या जगानं मिळून एका साध्या गोष्टीचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलेलं, आणि त्यापायी एक बाई तहानेनं मरायला तयार. एवढा संताप मला त्यानंतरही फारसा कधी आला नाही, आणि माझं आयुष्य काही शांततेत गेलेलं नाही.

मी पुढे इंजिनिअर-बिंजिनिअर झाले नाही. विम्याच्या कचेरीत नोकरी केली, संसार केला. पण कोणी अमुक एक फॉर्म छापून आणला की मी विचारायची, हा भरणार कोण? त्याला वाचता येईल का? उभ्यानं भरायचाय की बसून? साहेब वैतागायचे. "मॅडम, ठरलंय ते." ठरलेलं बघितलं की मला अठरा इंच आठवतात. हे मला कोणत्या विषयानं शिकवलं ते मी कुठल्या तोंडानं सांगू? प्रगतिपुस्तकात त्या वर्षी कार्यानुभवासमोर 'क' होता. वही अपूर्ण.

पालकदिनाच्या दिवशी हॉल भरलेला. जरीच्या साड्या, अत्तराचे वास, सरबताचे ग्लास. मोठ्या बाई पालकांना घेऊन टेबलामागून टेबल दाखवत होत्या. मी स्टुलाशेजारी उभी, प्रत्येकानं आपापल्या वस्तूशेजारी उभं राहायचं होतं. संजयची आई आमच्या टेबलापाशी आली, मोतिया रंगाची साडी, हातात बक्षिसाचं पाकीट. "किती छान स्टँड! दांडे कशाला गं याला?" बाई कौतुकानं म्हणाल्या, "कुंडी उचलायला सोपं जावं म्हणून. मुलं विचार करतात, बघा."

तेवढ्यात दारापाशी काठीचा आवाज झाला. आत्या. अंगावर घरचंच लुगडं, तापानं डोळे लाल, एका हाताला आई धरलेली, म्हणजे आईच तिला मागे ओढत होती. लोक बाजूला झाले. आत्या सरळ टेबलापाशी आली आणि क्रोटनकडे बघत उभी राहिली.

"ह्यां काय गो?"

मी म्हटलं, "आत्ये, घरी चल."

"ह्येच्यार झाड कोणी ठेवल्यान?"

मोठ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "आजी, हे कुंडी ठेवायचं स्टँड आहे. तुमच्या नातीनं केलंय ना? बसा तुम्ही, सरबत घ्या."

"सरबत नको माका. सरबत पियाले तर जाऊ खंय?" आत्यानं काठी माझ्या हातात दिली, दोन्ही हातांनी कुंडी उचलली आणि मोठ्या बाईंच्या हातात ठेवली. बाईंनी ती घेतली, दुसरं काय करणार! मग आत्या वळली. नळावरचा तो आवाज, जो मी इतके दिवस ऐकला नव्हता, हॉलभर घुमला. "कुंडी नाय ही! माझो गुडघो वाकणा नाय. मी ह्येच्यार बसान संडासाक जातंय. माझ्या चेडवान माझा माप घेवन केल्यान ह्यां. चार दीस झाले, माझा माका देवा!"

 सामंत सर भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. कोणीतरी पोरगं फिसकन हसलं आणि त्याच्या बापानं त्याला चापट मारली.  मी स्टूल उचललं.

तेव्हा संजयची आई माझ्या अगदी जवळ आली. बक्षिसाचं पाकीट तिनं पदराखाली घेतलं होतं. तोंड माझ्या कानाशी आणून, ओठ न हलवता तिनं विचारलं, "आमच्या सासूबाईंचंही तसंच आहे गं. उंची किती ठेवलीस?"

मी काही बोलायच्या आत आत्या तिच्याकडे वळली.

"मोठ्यान बोल गो बाये! लाजतंस कित्याक?"